वाफवलेली मटकी

काचेच्या नळीतलं निळं काही जाईना.

शरणम्मानं नळी पुन्हा कोमट पाण्यात धरली. वर तेलाचा थर, आत मोड आलेल्या मटकीचा वाटलेला लगदा आणि त्यात निळ्या रंगाचे थेंब. तिचं म्हणणं असं, की मोडाच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक बारीक चुली असतात. त्यांतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, हा निळा रंग घालवतं. रंग जितका झटकन जाईल, तितक्या चुली जास्त. आज मात्र रंग हटूनच बसला होता.

समोर तिचे वडील वीरप्पा मांडी घालून बसले होते. अणदुरात त्यांचं किराणा दुकान. पोरीला पुढं शिकायला औरंगाबादला जायचं होतं. तिथं प्रयोगाला बकऱ्याचं काळीज कापतात एवढं कानावर आलं, आणि गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून त्यांनी साफ नाही म्हटलं. तेव्हा तिचे कॉलेजातले मकबूल सर मुद्दाम एसटीनं घरी आले. काळीज नको, मटकीवरही हाच प्रयोग होतो, म्हणाले. वीरप्पांनी अट घातली, आज माझ्या डोळ्यांदेखत रंग गेला तर पोरीला जाऊ देतो.

"न्हाय जमत. सोड आता," वीरप्पा म्हणाले खरे, पण नळीवरची नजर काही त्यांनी काढली नाही.

शरणम्माचे डोळे भरून आले.

सर विचारात पडले. "मोड ताजेच आहेत ना?"

"ताजेच की!" आई गंगम्मा स्वयंपाकघरातून मोठ्या तोऱ्यात म्हणाली. "पाहुण्यांपुढं कच्ची मटकी कशी ठिवावी? जराशी वाफवून मगच वाटून दिली. मीठबी लावलंय."

सर असे हसले की चष्मा नाकावरून घसरला. "वहिनी, वाफवल्यावर विकर मरतं हो! चुलीच विझवल्यात तुम्ही!"

शरणम्मालाही रडता रडता हसू फुटलं. पण नवे मोड यायला दोन दिवस हवेत, सरांची गाडी तासाभरात, आणि अट आजची. तिनं भीत भीत वडिलांकडं पाहिलं.

वीरप्पा उठले. सरांनी निघायला उचललेली पिशवी काढून घेऊन त्यांनी खुंटीला अडकवली. मग दुकानातून ओंजळभर मटकी आणून पोरीपुढं ओतली.

"शरणे, भिजव," ते म्हणाले. "आन् मोड येईस्तवर चुलीपाशी मी बसतो. तुझ्या आईचा काय भरवसा न्हाय!"