बिनहाराची पुढारीण

घंटा ऐकू आल्या तेव्हा बुर्गी कारंज्याच्या कठड्यावर चढून उभी होती. खाली उतर, असं तिला तीन जणांनी सांगितलं. ती उतरली नाही. पंधरा वर्षांची झाल्यावर तिला एक शोध लागला होता, की लोक एखादी गोष्ट तीनदाच सांगतात, मग दमतात.

आज डोंगरावरची गुरं खाली येणार होती. त्रेसष्ट कालवडी, अकरा घरांच्या. जूनपासून त्या वरच्या कुरणात म्हाताऱ्या वेंडेलिनच्या ताब्यात होत्या. आणि त्यांच्याबरोबर होता वुशल, बुर्गीचा कुत्रा. तपकिरी, केसाळ, एक कान वर, एक खाली. तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेला. वेंडेलिनचा जुना कुत्रा थकला, तेव्हा तिनेच हट्ट करून वुशलला वर पाठवलं होतं. ह्या पायपोसाचं मी काय करू, असं म्हणत वेंडेलिनने त्याला नेलं होतं.

जाताना बुर्गीने वेंडेलिनच्या हातात आपला गोल आरसा ठेवला होता, कडेचा टवका उडालेला. हारासाठी. उन्हाळ्यात एकही जनावर दगावलं नाही, तरच पुढारी कालवडीच्या डोक्यावर हार चढतो. देवदाराच्या फांद्या, कागदी गुलाब, मधोमध आरसा. एक जरी गेलं, तरी डोकं बोडकं. गावाला लांबूनच कळतं.

त्याच सुमारास शाळेत घरच्या बोलीतल्या एका शब्दावर पानभर लिहायला सांगितलं होतं. बुर्गीने 'फीह' घेतला. फीह म्हणजे गुरं. एकटी असते ती गाय, सगळी मिळून फीह. शेळ्या, डुकरं त्यात बसतात. कुत्री-मांजरं बसत नाहीत. माणसाला म्हटलं की शिवी होते, पण आजी गोठ्याचं दार लावताना म्हणते तेव्हा ती प्रार्थना वाटते. इथवर बाईंनी छान म्हटलं. शेवटी बुर्गीने लिहिलं होतं, की जो गुरांसाठी दिवसभर धावतो तो कुत्राही फीहच. त्याखाली बाईंनी लाल शाईने लिहिलं, 'माया कळली. शब्द चुकला.'

बुर्गीने तो कागद वेंडेलिनला वाचून दाखवला. तो खोकला येईपर्यंत हसला.

"कुत्र्याला गवत घालतेस का गं? मग फीह कसला?"

"हार घालून बघा त्याला. गाईपेक्षा शोभेल."

"हार गुरांचा असतो, पोरी. नियम आहे."

आता घंटा अगदी जवळ आल्या. बँडवाल्यांनी तुताऱ्या ओठांना लावल्या. वळणावरून पहिली कालवड दिसली आणि बँड वाजलाच नाही.

तिचं डोकं बोडकं होतं.

अकरा घरांची माणसं आपापली कालवड शोधू लागली. त्यांच्यातलेच फिडेलकाका फाटकापाशी उभे राहून मोजत होते. त्यांचा आवाज आधी कापरा होता, पन्नाशीनंतर चढत गेला. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट.

"अहो, त्रेसष्ट," ते म्हणाले. "पुरी आली की सगळी."

वेंडेलिनने टोपी काढून घाम पुसला. "एक कमी आहे."

बुर्गीने तेव्हा कुठे त्याच्या पायाशी पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. जुना कुत्रा तिथून कधी हलत नसे. वुशलही तिथेच असायला हवा होता.

ती कठड्यावरून उतरली. ह्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

वेंडेलिन तुटक बोलत होता. ऑगस्टात गारा पडल्या. सात कालवडी बिथरून कड्याकडे सुटल्या. वुशल कड्याच्या काठावर आडवा उभा राहिला. लाथा खाल्ल्या, पण सरकला नाही. सातही परत फिरल्या. दोन फिडेलच्याच होत्या.

फिडेलकाकांचा जीव भांड्यात पडला होता, म्हणून ते जरा मोठ्यानेच हसले. "म्हणजे कुत्रं होय. कुत्रं काय गुरांत मोजतात? एका पायपोसापायी गावाला घाबरवलंत, आजोबा. आणा तो हार, चढवा."

"मोजतात," बुर्गी म्हणाली. तिचा आवाज सगळ्या चौकात गेला. "तुमच्या दोन कालवडी कुणी वाचवल्या, फिडेलकाका? त्यांना विचारा, मोजतात का ते."

फिडेलकाका टोपीशी चाळा करू लागले.

वेंडेलिन तिच्याकडे पाहत होता. त्याच्या मिशा हलल्या, पण बोलला तो फिडेलशी. "हार माझ्याकडे नाही. ज्याचा होता त्याला घातला."

बुर्गीच्या डोळ्यांसमोर ते लगेच उभं राहिलं. कड्याजवळ दगडांचा एक छोटा ढीग, त्यावर देवदाराच्या फांद्या, आणि आभाळाकडे तोंड करून पडलेला तिचा आरसा. मीच पाठवलं, ती मनात म्हणाली. हट्ट करून.

"कुठे आहे तो?"

"मागे राहिला."

ती धावली. गुरांतून, शेणातून, शेपट्यांचे फटके खात, नवा घागरा दोन्ही हातांनी वर धरून. कुणी तरी हाक मारली. तिने ऐकली नाही. निदान त्या ढिगाजवळ तरी पोचायचं होतं, चार तास चढावं लागलं तरी.

वळणावर ऊन एकदम तिच्या डोळ्यांत चमकलं. तिने हात आडवा धरला. चमक जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर होती, आणि ती हलत होती. देवदाराच्या फांद्या, कागदी गुलाब, टवका उडालेला आरसा, आणि त्या सगळ्या डोलाऱ्याखाली एक कान वर, एक खाली, तीन पायांवर लंगडत, चौथा पाय फळकुटाला बांधलेला, आणि तिला पाहून वेड्यासारखी हलणारी शेपटी.