शंभर सेकंदांची वीज

“धा वाजता महाराजांसाठी उभं ऱ्हायाचं. ते झालं की वर चढायचं आन् ही सगळी सोलर खाली काढायची. एक पॅनेल दिसता कामा न्हाय!”

अण्णासोंनी हे शिरोलीच्या आपल्या फौंड्रीत, विजेच्या भट्टीच्या घरघरीवर आवाज चढवून सांगितलं. तसा तो फारसा चढवावा लागला नाही. कोल्हापूरचा माणूस कुजबुजला तरी शेजारच्या गल्लीत कळतं.

ज्या पोरीनं ती पॅनेलं बसवली होती ती क्रांती समोरच उभी होती. तिचं पहिलंच मोठं काम. हे उतरलं की एमआयडीसीत तिला पुन्हा दारात कोण उभं करणार? जो तो म्हणणार, हिचं सोलर वीज नासवतं. आणि म्हणणाऱ्यांचं तरी काय चुकलं? सोलर चालू झालं की शेजारच्या कारखान्यांतली मशीनं मधेच मान टाकत, दिवे फडफडत. सोलर बंद केलं की सगळं सुतासारखं सरळ. आंधळ्यालाही दिसावं, चोर कोण ते.

फक्त क्रांतीला ते पटत नव्हतं. तिनं मागंच सांगून बघितलं होतं.

“अण्णा, घाण सोलरची न्हाय ओ. भट्टी विजेला हिसके देती, ते हिसके माझ्या इन्व्हर्टरमधी घुमत्यात. रिकाम्या टाकीत वरडल्यागत. सोलर चालू ठेवा आन् भट्टी जरा बंद करून बघा, लगेच कळंल.”

“भट्टी? तुझ्यासाठी?” अण्णासो हसले होते. “बाप वारला तवा न्हाय थांबवली मी ती!”

रात्री भट्टी बंद असायची, पण रात्री सूर्य कुठला? सुट्टीच्या दिवशी बघावं, तर ऑर्डरींच्या रेट्यात सुट्टीच उरली नव्हती. पोरगी सांगून सांगून दमली.

पण आजची गोष्ट वेगळी होती. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली होती, आणि त्यांच्यासाठी शंभर सेकंद सगळं कोल्हापूर जागच्या जागी थांबणार होतं. भट्टीवरच्या गुंडूला अण्णासोंनी स्वतःच बजावलं होतं, भोंगा झाला की भट्टीपण बंद. हे क्रांतीच्या कानावर पडलं. तिनं उसनं आणलेलं मीटर एका उपड्या खोक्यावर मांडून वायरी जोडल्या. मीटर जुनंच. समोर असेल तेवढं दाखवणार, साठवून काही ठेवणार नाही. पडद्यावर विजेची लाट नाचत होती, पण लाट कसली, करवतीचे दातेच ते. भट्टी थांबल्यावर हे दाते गेले तर क्रांती सुटली. तेवढे शंभर सेकंद नजर हलवायची नाही, बस्स.

भोंगा झाला.

गुंडूनं बटण दाबलं. भट्टीची घरघर उतरत उतरत विझली. शेजारचे हातोडे थांबले, पलीकडच्या लेथी थांबल्या. हायवेवरच्या गाड्या बाजूला लागल्या आणि माणसं उतरून उन्हात उभी राहिली. आणि मग, अहाहा, काय ती शांतता! ज्या गावात मयतालाही माणसं मोठ्यानं बोलतात, तिथं पत्र्यावर चालणाऱ्या चिमणीच्या नखांचा आवाज ऐकू आला. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, कुणाच्या धाकानं नव्हे. एका माणसासाठी एवढं मोठं गाव गप्प झालं होतं. 

क्रांतीला मीटरकडं बघायचं होतं. पण तिला आजी आठवली, धोंडुबाई. आजी सांगायची, महाराजांनी शिकणाऱ्या पोरांसाठी बोर्डिंग काढलं म्हणून तुझ्या पणजानं पाटी धरली, न्हाईतर गावानं त्याला शाळंच्या पायरीला शिवू दिलं असतं व्हय? आणि आपण इथं काय करतोय, मीटर बघतोय? तिनं डोळे मिटले, हात जोडले, आणि सोलर, मीटर, स्वतःचं नाव, सगळं विसरून गेली.

पुन्हा भोंगा झाला. ती डोळे उघडेपर्यंत गुंडूनं भट्टी सुरू केलीही होती. पडद्यावर तेच करवतीचे दाते. हातातोंडाशी आलेली संधी गेली. तिला रडू आलं, पण पश्चात्ताप तिळभरही झाला नाही. ती वायरी सोडवायला वाकली.

“अण्णा, चढू का वर?” पॅनेलं उतरवायला शिडीपाशी उभ्या असलेल्या माणसानं विचारलं.

खोक्याच्या पलीकडं अण्णासो अजून मान खाली घालून उभे होते.

“पोरी,” ते म्हणाले, आणि आवाज एवढा बारीक की क्रांतीला पुढं व्हावं लागलं. “वायरी ऱ्हाऊ देत. तू बघितलंस?”

“न्हाय, अण्णा. डोळं मिटलंतं मी.”

“मी मान खाली घातली महाराजांसाठी. आन् म्होरं बघतोय तर ह्ये.” त्यांनी मीटरकडं बोट केलं. “भट्टी थांबली तशी सगळी दातं झडली. लोण्यावरनं बोट फिरवल्यागत गुळगुळीत लाट, आयला! आन् तुझं सोलर तर वर चालूच की.” त्यांचे डोळे भरून आले होते. “जलमभर वीज वापरतोय मी. अशी असती व्हय ती?”

शिडीवाला अजून पाना हातात धरून वाट बघत होता. अण्णासोंनी त्याला हातानंच बाजूला सारलं आणि भट्टीकडं वळून ते ओरडले,

“गुंडू, बंद कर ती भट्टी! ह्या पोरीनं अजून बघितलं न्हाय.”