वाळूखालची बिऱ्हाडं

"आई, सरका जरा, पाय भिजतील," सून म्हणाली आणि तिने रबरी नळीचं तोंड बादलीत सोडलं. काचेच्या टाकीचा खालचा सांधा सुटला होता. पाण्याचा ओघळ पार पलंगाखाली गेला होता.

सासूबाई सरकल्या नाहीत. "अगं, सगळं पाणी कशाला काढतेस? डिंक-बिंक लावून नाही का भागणार?"

"डिंक?" सून हसली. "टाकी आहे ती आई, पाकीट नव्हे."

टाकी मुलाची. त्याने हौसेने कुहली पाळले होते. बोटभर लांबीचे, सापोळ्यासारखे बारीक मासे. पिवळ्या अंगावर काळे पट्टे. दिवसभर वाळूत घुसून बसायचे. "पाहुणे आले की आतून कडी लावणारी माणसं असतात ना आई, तसे हे," तो म्हणायचा आणि स्वतःच खो खो हसायचा.

तो गेला. वर्षश्राद्धही होऊन गेलं. सुनेच्या भावाचे फोन सुरू झाले. त्याच्या गावी नोकरी होती, राहायला खोली होती. "ह्यांचे मासे आहेत तोवर मी इथून हलणार नाही," असं सून फोनवर म्हणाली, ते सासूबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली. म्हणून जेवताना त्या मुद्दाम म्हणाल्या, "माझ्यासाठी अडकून पडू नकोस हो. जायचं तर खुशाल जा." सुनेने मान खाली घालून पानातलं संपवलं.

त्या दिवसापासून सासूबाईंचा जीव टाकीत अडकला. चष्मा लावून त्या काचेला नाक टेकवून बसत. नुसती वाळू. शेपूट नाही की मिशी नाही. खाणं टाकलं की तसंच विरघळून जाई. मासे केव्हाच मेले असणार, अशी त्यांची खात्री झाली. मग चष्म्याची काडी बसवून आणते म्हणून त्या निघाल्या आणि माशांच्या दुकानात शिरल्या. पट्ट्यांचे नव्हते. बिनपट्ट्यांचे, कॉफीच्या रंगाचे होते. "द्या तेच," त्या म्हणाल्या. "तोंड दाखवायला बाहेर कुठं येतायत!" सून कामावर गेली असताना त्यांनी ते टाकीत सोडले. गेलेच सरळ वाळूत, जसं काही माहेर!

आणि आता पाणी उतरत होतं. सासूबाई आता पकडल्या जाणार होत्या.

वाळू हलली. आधी एक पट्टेरी शेपटी वर आली. मग दुसरी. मग अख्खा गुंताच वळवळू लागला. मुलाचे मासे! जिवंत, चांगले गुबगुबीत. सून चहाची जुनी गाळणी घेऊन एकेकाला उचलत होती, ते निसटत होते, ती हसत होती, डोळे पुसत होती. एवढ्यात गाळणीत एक कॉफीच्या रंगाचा आला. सुनेचा हात थांबला.

सासूबाई कबूल करायला तोंड उघडणार, तोच त्यांना कोपऱ्यात आणखी एक मासा दिसला. रुपेरी. ना पट्टे, ना कॉफीचा रंग. शेजारी तसाच अजून एक. त्यांनी चष्मा पदराने पुसला. हे कुणाचे? दुकानदाराने पिशवीत घुसडले? की आपणच कधीतरी आणले आणि विसरलो? हल्ली काही सांगता येत नाही. गॅसवर ठेवलेलं दूध ओटा धुऊन काढतं तेव्हा आठवतं.

"आई, हा तपकिरी कुठून आला?" सुनेने विचारलं.

"मी आणला," सासूबाई पुटपुटल्या. "तुझे संपले असं वाटलं, म्हणून. पण हे रुपेरी मी नाही गं आणले. आईशप्पथ नाही."

सून लालबुंद झाली. गाळणी तशीच हातात. थेंब तिच्या साडीवर ओघळत होते.

"ते माझे," ती खाली बघत म्हणाली. "मलाही वाटलं, ह्यांचे मासे मेले. ते तुम्हाला कळलं, तर तुम्ही पुन्हा मला जा म्हणाल."