नऊ प्रश्न

चारशे नर्सेसच्या पाहणीचा अहवाल, तिचे प्रश्न लिहिणाऱ्या जिशाने विश्वस्तांपुढे ठेवला, तेव्हा कोट्टयमच्या त्या हॉस्पिटलचे संचालक डॉ. थरकन खुर्चीतून अर्धे उठलेच.

“पोरी, मी तुला प्रश्नांचे पाच गट आखून दिले होते. पगार, पाळ्या, मेस, वसतिगृह, प्रशिक्षण. ते बरोबर आहेत एवढंच दाखवायचं होतं. हा सहावा कुठून उपटला?”

“अर्धे फॉर्म मी तुमचे गट बाजूला ठेवून तपासले, सर. कोणत्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या जोडीने चालतात, तेवढंच पाहिलं. तुमच्या पाचही गटांतून फुटून नऊ प्रश्न एकत्र आले.”

“योगायोग असेल.”

“मलाही तीच शंका होती. म्हणून उरलेल्या अर्ध्या फॉर्मांवर पडताळलं. तेच नऊ निघाले.”

“या गटाला नाव काय दिलंत?” एका विश्वस्तांनी विचारलं.

“संचालकांची दहशत.”

थरकन लालबुंद झाले. “हे प्रश्नच खोडसाळ आहेत!”

“पानापानावर तुमची मंजुरीची सही आहे, सर.”

विश्वस्तांनी सह्या पाहिल्या आणि थरकनना बाहेर जाऊन बसायला सांगितलं. ते जाईपर्यंत जिशाने त्यांच्यावरची नजर काढली नाही.

ते नऊ प्रश्न म्हणजे याच हॉस्पिटलात नर्स असलेल्या तिच्या थोरल्या बहिणीच्या राजीनाम्यातली नऊ वाक्यं होती. सहा वर्षांपूर्वी थरकननी तो न वाचताच तिच्या तोंडासमोर फाडून फेकला होता. तेव्हा एकदा जरी वाचला असता, तर सही करताना त्यांचा हात थांबला असता.