सोनीपाड्याची पाटी

करमसिंगच्या लोकांत रीत होती: जंगलात पहिली चूल ज्याची पेटेल, त्याचं नाव पाड्याला. छप्पन्याच्या दुष्काळात नवरा गमावून इथे आलेल्या त्याच्या आईने, सोनीबाईने, ती चूल पेटवली. म्हणून हा सोनीपाडा. पण मोजणीवाल्या गोऱ्या साहेबाने तंबूत नाव विचारलं, तेव्हा नव्यानेच पाटीलकी मिळालेल्या करमसिंगला मोळ्या वाहणाऱ्या अनवाणी बाईचं नाव सांगायची लाज वाटली. “गावले नाव नही शे, सायेब. तुमनंच द्या,” तो म्हणाला. खूश झालेल्या साहेबाने गावाला स्वतःचं नाव लिहिलं आणि त्याला लाल फेटा दिला. आज शहाद्याहून बैलगाडीतून गावाच्या नावाची पाटी आली. सोनीबाई मोळी टाकून धावली. पदराने पाटीवरची धूळ पुसत लाजून म्हणाली, “एवढी अक्षरं! यात माझं नाव कुठं रे, करम?” मान खाली घालून करमसिंगने तिचं खरबरीत बोट धरलं आणि साहेबाच्या नावावर ठेवलं.