दुसरा डबा

तात्यांना टेबलावर बंदुकीच्या दारूचे दोन डबे उघडे दिसले. रायफलच्या काडतुसात सावकाश जळणारी दारू लागते, पिस्तुलाची भडक दारू पडली तर रायफल हातातच फुटते. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा, हा नियम त्यांनीच लेकीला शिकवलेला. आज सकाळी त्यांनी भरलेली काडतुसं घेऊन ती स्पर्धेला गेली होती.

त्यांनी फोन लावला. “वैजू, माझी काडतुसं वापरू नकोस. दारू चुकलीय बहुतेक.”

“घाबरू नका, तात्या. तुम्ही भरलेली मी दिवाळीपासून वापरतच नाही.”

तात्यांनी भिंतीवरच्या पदकाकडे पाहिलं. परवाच्या शिमग्यात ते जिंकून आणल्यावर त्यांच्या गळ्यात घालून ती म्हणाली होती, “हे तुमच्या काडतुसांचं.”