शेवटचा बाक

"मैडम, पीछे तक नहीं पहुँचा," डॉ. विनय शेवटच्या बाकावरून म्हणाले, आणि कुंदाताईंच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला.

हेच वाक्य त्यांनी पहिल्या पाठाला ऐकलं होतं, दुसऱ्यालाही. पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाने एक सराव पाठ द्यायचा, बाकीच्या संशोधकांनी विद्यार्थी होऊन बसायचं आणि परीक्षकाने मागे बसून फॉर्म भरायचा, असा विभागाचा नियम. संधी तीनच. आजची तिसरी. आज सही मिळाली नाही तर प्रबंध सहा महिने लटकणार, आणि गाईड तर पुढच्याच महिन्यात निवृत्त. म्हणजे आठ वर्षांचं काम उचलून नव्या माणसाच्या दारात उभं राहायचं. तेही एकसष्टाव्या वर्षी!

बरं, त्यांना शिकवायला शिकवणार कोण, तर हा पस्तिशीतला पोरगा. कुंदाताईंनी घमापूरच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला होता. त्यांच्या वर्गात दर चाचणीनंतर मुलं गुणांप्रमाणे बसत. हुशार पुढे, ढ मागे. दारातून एक नजर टाकली की कोण किती पाण्यात आहे ते कळायचं. हेडमास्तर पाहुण्यांना मुद्दाम त्यांचा वर्ग दाखवायला आणत. आणि आता त्याच बाईंना आवाज, फळा, नजर असे सुटे सुटे गुण मिळणार होते.

"फिर से करें? नर्मदा पश्चिम को क्यों बहती है?" विनयने विचारलं.

गुडघे ठणकत होते. अधारतालहून दोन ऑटो बदलून येण्यातच निम्मा जीव गेला होता. पहिल्या बाकावरची ऋचा केव्हाची मान डोलावत होती. तिला सगळं समजलं होतं. कुंदाताईंना एकाएकी या सगळ्याचा वीट आला. फळ्यावरची सुबक आकृती तशीच सोडून त्यांनी पाण्याची बाटली उचलली आणि गुडघे सांभाळत त्या थेट मागे गेल्या.

"इथून सांगू आता?" रागाच्या भरात त्या मराठीतच बोलल्या.

"सांगा," विनय म्हणाला. तोही मराठीत बोलला, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बाक जुना होता. कुणीतरी कर्कटकाने कोरलेली लांबलचक खाच त्यावर होती. "हे बघ. इकडे विंध्य, तिकडे सातपुडा. दोन्हीकडे जमिनीला भेग पडली आणि मधला भाग खचला." त्यांनी खाचेत पाणी ओतलं. पाणी सरळ उताराकडे धावलं. "आता नदी दुसरं कुठं जाईल?"

"पण मग पूर्वेला काहून नाही जात?"

"अरे, ते टोक उचल जरासं!"

विनयने बाक उचलला. पाणी उलट फिरलं आणि त्याच्या बाहीवर आलं. तो लहान मुलासारखा हसला.

"आलं लक्षात? उतार जिकडे, तिकडे ती."

"आलं," तो म्हणाला. त्याने रुमालाने बाक पुसला, खाली मान घालून फॉर्म भरला आणि त्यांच्या हातात दिला.

कुंदाताईंनी आधी सही पाहिली. होती. आठ वर्षांचा शीण एका श्वासात बाहेर पडला. मग त्यांनी चष्मा सावरून सगळा कागद वाचला. अगदी तळाशी एक प्रश्न होता. या पाठांपूर्वी परीक्षकाने उमेदवाराला शिकवताना पाहिलं आहे का? तिथे सगळेच 'नाही' लिहून मोकळे होतात.

विनयने मराठीत लिहिलं होतं, "पाहिलं आहे. तीन वर्षं, घमापूर, शेवटचा बाक. ऐकू आज आलं."